वाचकांचे प्रश्न : हवामान बदलाविषयी लोकांशी कसे बोलावे?

पृथ्वीची तापमानवाढ कशी मोजली जाते, या विषयावरील मागील अंकातल्या लेखानंतर वाचकांची पुष्कळ पत्रे आली. त्यांतील बहुतेकांना विज्ञानाविषयी शंका नाही. विज्ञान पटलेले आहे. पण ते इतरांना सांगायचे कसे आणि ऐकणाऱ्याने प्रत्यक्ष काही करावे यासाठी नेमके काय बोलायचे, ही त्यांची अडचण आहे. अशा पत्रांतील सहा प्रश्न संक्षेपाने आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : आमचा कार्यकर्त्यांचा एक लहान गट शाळा, महाविद्यालये आणि रहिवासी संस्थांमध्ये हवामान बदलावर व्याख्याने देतो. आम्ही आलेख दाखवतो, अहवालांतील आकडे सांगतो. लोक शांतपणे ऐकतात, माना डोलावतात, आभार मानतात आणि घरी जातात. पुढे काहीही घडत नाही. आमची माहिती अपुरी पडते की मांडणी चुकते?

उत्तर : मांडणीविषयी प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही, पण माहिती अपुरी पडते, असे मानायला आधार नाही. या विषयाची माहिती दीड शतकाहून अधिक काळ साठत आलेली आहे. कार्बन डायऑक्साइड भरलेली काचनळी उन्हात ठेवली असता साध्या हवेच्या नळीपेक्षा अधिक तापते, हे युनिस फूट यांनी १८५६ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर काही वर्षांतच जॉन टिंडॉल यांनी वायूंची उष्णता शोषण्याची क्षमता प्रयोगशाळेत मोजली आणि १८९६ मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी हवेतील या वायूचे प्रमाण बदलल्यास पृथ्वीचे तापमान किती बदलेल याचा हिशेब मांडला. चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयपीसीसी’ या आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात तापमानवाढीला मानवच कारणीभूत असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत नमूद केले. केवळ माहितीने माणसे कामाला लागत असती, तर हे काम केव्हाच मार्गी लागले असते.

मग अडते कोठे? एक उत्तर २०२४ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणातून मिळते. त्यात १२५ देशांतील सुमारे १ लाख ३० हजार लोकांना प्रश्न विचारण्यात आले होते. तापमानवाढ रोखण्यासाठी दरमहा उत्पन्नाचा एक टक्का देण्याची ६९ टक्के लोकांची तयारी होती आणि आपल्या सरकारने याहून अधिक काही करावे, असे ८९ टक्के लोकांना वाटत होते. याच लोकांना पुढे विचारण्यात आले की, तुमच्या देशातील किती जण असा एक टक्का देतील? त्यांचा सरासरी अंदाज ४३ टक्के इतकाच निघाला. म्हणजे बहुसंख्य लोक तयार आहेत आणि त्यांतील पुष्कळांची समजूत अशी आहे की, आपण अल्पसंख्य आहोत. ज्याला आपण एकटे आहोत असे वाटते, तो सहसा बोलत नाही. तो बोलत नाही म्हणून शेजारच्यालाही तसेच वाटते. आपल्या सभांमध्ये जी शांतता पसरते, तिच्यात उदासीनतेपेक्षा या गैरसमजाचा वाटा मोठा असावा, असे आमचे मत आहे.

इतरांच्या वागण्याचा आपल्यावर किती परिणाम होतो, हे आपल्याला स्वतःलाही कळत नाही. कॅलिफोर्नियात वीजबचतीविषयी झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वीज का वाचवता, असे विचारल्यावर लोकांनी पर्यावरण, समाजाचे हित आणि पैशांची बचत ही कारणे पुढे केली. ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे कारण त्यांच्या लेखी सर्वांत गौण होते. प्रत्यक्षात घरांच्या दारांवर वेगवेगळे संदेश लावून मीटर तपासले, तेव्हा सर्वाधिक बचत नेमक्या त्याच घरांत झाली, जिथे ‘तुमच्या भागातील बहुतेक लोक वीज वाचवत आहेत’ हा संदेश लावलेला होता.

यातून आपल्या कार्यक्रमात दोन बदल सुचतात. पहिला साधा आहे. आलेख दाखवण्यापूर्वी श्रोत्यांना विचारावे की, तापमानवाढीची आपल्याला काळजी वाटते का, आणि वाटत असल्यास हात वर करायला सांगावे. सभागृहातील हात पाहून लोकांना जे कळेल, ते कोणत्याही पडद्यावरून कळणार नाही. त्यानंतर दोघा-तिघांना आपापला अनुभव सांगू द्यावा आणि आपण स्वतः कमी बोलावे. दुसरा बदल कठीण आहे. सभेच्या शेवटी ‘आपण सर्वांनी जागरूक राहिले पाहिजे’ असे म्हणण्याचा मोह टाळून एकच मागणी ठेवावी, आणि ती एकट्याने न करता मिळून करण्याजोगी असावी. उदाहरणार्थ, संस्थेच्या इमारतीवर सौरऊर्जेचे पॅनल बसवण्याचा ठराव पुढील सर्वसाधारण सभेपुढे आणायचा आहे, त्यावर आज सह्या करायच्या आहेत आणि पाठपुराव्यासाठी तीन माणसे हवी आहेत. श्रोता उठण्यापूर्वी त्याच्या हाती काम असले पाहिजे. घरी गेल्यावर तो विचार करून ठरवील, ही अपेक्षा वक्त्याच्या समाधानापुरतीच असते.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. ‘आपल्याकडे कोणालाच काही पडलेली नाही, सगळे बेफिकीर आहेत’ हे वाक्य अनेक तळमळीच्या भाषणांत ऐकू येते. बोलणाऱ्याचा हेतू लाज वाटावी हा असतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून ‘मग मीही तसाच असलो तर काय बिघडले’ एवढेच कळते. याच प्रकारच्या आणखी एका प्रयोगात परिसरातील सरासरी वीजवापर कळवल्यावर जास्त वापर करणाऱ्यांनी तो कमी केला, पण मुळात कमी वापर करणाऱ्यांनी तो वाढवला. त्यांच्या पत्रकावर शाबासकीदाखल हसऱ्या चेहऱ्याचे एक छोटे चित्र छापल्यावर ही वाढ थांबली. जे आधीपासून योग्य वागत आहेत त्यांची दखल घेणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही, हे यावरून दिसते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. आमच्या मंडळात सतत वाद होतो. काहींचे म्हणणे की लोकांना घाबरवल्याशिवाय ते हलणार नाहीत. काहींचे म्हणणे की भीतीने लोक पाठ फिरवतात, म्हणून आशादायक बोलावे. खरे कोणाचे?

उत्तर : दोन्ही पक्ष एकाच औषधाने सर्व रोग बरे करू पाहत आहेत. २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत प्रयोगात ६३ देशांतील ५९ हजारांहून अधिक लोकांवर अकरा प्रकारचे संदेश आजमावून पाहिले गेले. भयसूचक, निराशाजनक मजकुराने समाजमाध्यमांवर माहिती पुढे पाठवण्याचे प्रमाण सर्वांत जास्त, सुमारे बारा टक्क्यांनी वाढले. भावी पिढीतील एखाद्या व्यक्तीला पत्र लिहायला लावल्याने धोरणांना असलेला पाठिंबा वाढला, पण जेमतेम अडीच टक्क्यांनी. आणि ज्या कामाला खरोखर वेळ व श्रम लागत होते, म्हणजे एक कंटाळवाणे काम पूर्ण करून झाडे लावण्यासाठी निधी मिळवणे, त्यात एकाही संदेशाने वाढ झाली नाही. काही संदेशांनी तर घटच झाली. आपल्या मंडळाने या निष्कर्षाकडे शांतपणे पाहावे. भीतीने बोट हलते, पुढे पाठवण्याचे बटण दाबले जाते. श्रमाचे काम केवळ संदेशातून उभे राहत नाही, मग तो भीतीचा असो की आशेचा.

तरुण वर्गापुरते बोलायचे, तर भीतीचा साठा आधीच पुरेसा आहे. दहा देशांतील १६ ते २५ वयोगटातील दहा हजार तरुणांच्या, २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५९ टक्के तरुणांनी हवामान बदलाची फार किंवा अतिशय काळजी वाटते असे सांगितले आणि या भावनांचा आपल्या रोजच्या जगण्यावर विपरीत परिणाम होतो, असे ४५ टक्क्यांनी नोंदवले. अशा श्रोत्यांपुढे आणखी एक भीषण चित्रफीत लावणे निरर्थक आहे, आणि थोडे निर्दयही.

तरीही धोका लपवून आशा विकणे आम्हाला मान्य नाही. २०२४ हे औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत सरासरी तापमान दीड अंशाहून अधिक राहिलेले पहिले कॅलेंडर वर्ष ठरले, हे सांगायलाच हवे. मात्र त्यापाठोपाठ हेही सांगावे की, २०१० ते २०१९ या काळात सौरविजेचा आणि लिथियम बॅटऱ्यांचा प्रतिएकक खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी आणि पवनविजेचा ५५ टक्क्यांनी उतरला, आणि ही नोंद त्याच आयपीसीसीची आहे जिच्या धोक्याच्या इशाऱ्यांचे आपण दाखले देतो. ओझोनच्या थराची हकीकत तर आवर्जून सांगण्यासारखी आहे. क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे हा थर विरळ होईल, असा इशारा मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ मध्ये दिला; अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट १९८५ मध्ये जाहीर झाली आणि १९८७ मध्ये या वायूंच्या वापरावर बंधने घालणारा माँट्रियल करार झाला. आज तो थर हळूहळू भरून येत आहे. धोका, कारण आणि उपाय हे तिन्ही एका दमात सांगता येतील असे होते आणि पर्यायी रसायने उपलब्ध होऊ लागली होती, हे त्या यशाचे एक कारण. जीवाश्म इंधनांचा प्रश्न त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे, हे मान्य करूनच ही तुलना मांडावी. अन्यथा एखादा चाणाक्ष श्रोता ती तिथल्या तिथे खोडून काढील.

तेव्हा भीती की आशा हा वाद मिटवण्याऐवजी मंडळाने दुसराच प्रश्न हाती घ्यावा. आपले बोलणे ऐकून ज्याला काही करावेसे वाटेल, त्याला आपण कोणते काम देणार आहोत? याचे उत्तर तयार नसेल, तर कार्यक्रम एक महिना पुढे ढकलावा.

प्रश्न : माझे मोठे दीर सुशिक्षित आहेत, परंतु हा विषय निघाला की, ‘हवामान तर पृथ्वीच्या जन्मापासून बदलत आले आहे, त्यात नवीन ते काय?’ असे म्हणून सर्वांना गप्प करतात. मानाने ते मोठे असल्यामुळे वाद घालता येत नाही. काय उत्तर द्यावे?

उत्तर : त्यांचे वाक्य खरे आहे, म्हणूनच ते प्रभावी ठरते, चुकीचा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष. त्यामुळे वाक्य नाकारण्यात शक्ती घालवू नये. ‘भाऊजी, पूर्वीचे बदल कशाने झाले हे शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे, आणि त्याच कसोट्या लावल्यावर आताचे कारण वेगळे निघते,’ असे म्हणता येईल. हिमयुगांची ये-जा पृथ्वीच्या कक्षेतील आणि अक्षाच्या कलातील मंद बदलांमुळे झाली आणि त्यांना हजारो वर्षे लागली. सूर्याची तीव्रता वाढल्यामुळे हवा तापत असती, तर वातावरणाचे वरचे आणि खालचे दोन्ही थर तापले असते. मोजमापे सांगतात की खालचा थर तापत आहे आणि वरचा, म्हणजे स्थितांबर, थंड होत आहे. उष्णता खालीच अडवली जात असल्याची ही खूण आहे. शिवाय हवेतील कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे कमी-अधिक वजनाच्या कार्बन अणूंचे, बदलते प्रमाणही वाढीव कार्बन जीवाश्म इंधनांतून आल्याचे दाखवते.

अशा वेळी बोलण्याचा क्रम महत्त्वाचा असतो. गैरसमजाच्या अभ्यासकांचा सल्ला असा की, आधी खरी गोष्ट सांगावी, मग गैरसमजाचा एकदाच उल्लेख करावा, त्यात कोणती युक्ती दडलेली आहे ते दाखवावे आणि पुन्हा खऱ्या गोष्टीवर येऊन थांबावे. गैरसमज पुन्हा पुन्हा उच्चारून खोडत बसल्यास तोच ऐकणाऱ्याच्या लक्षात राहण्याचा धोका असतो. येथे युक्ती सोपी आहे : एखादी गोष्ट पूर्वी एका कारणाने घडली, म्हणून आज ती दुसऱ्या कारणाने घडूच शकत नाही, असे गृहीत धरलेले आहे.

आणि आपण दिरांना जिंकण्याचे मनावर घेऊ नये. दिवाणखान्यात बसलेले इतर चौघे आपले खरे श्रोते आहेत. दिरांचे मत बदलायचेच असेल, तर ते काम कदाचित त्यांची मुलगी अधिक चांगले करील. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळेत हवामान बदल शिकलेल्या मुलांच्या पालकांची या विषयातील आस्था वाढलेली दिसली. ती पुराणमतवादी पालकांत आणि वडिलांत अधिक वाढली, आणि मुलांपेक्षा मुलींचा प्रभाव जास्त पडला. सांगणारी व्यक्ती आपली आहे आणि तिला यात काही कमवायचे नाही, ही खात्री पुष्कळदा पुराव्यापेक्षा भारी ठरते.

प्रश्न : मी एका लहान दैनिकात बातमीदार आहे. उष्णतेची लाट किंवा अतिवृष्टी झाली की, ‘हे हवामान बदलामुळेच का?’ असे संपादक विचारतात. शास्त्रज्ञ मात्र ‘शक्यता आहे’, ‘दाट शक्यता आहे’ असे बोलतात. बातमीत काय लिहावे? दोन्ही बाजू द्याव्यात का?

उत्तर : ‘एका घटनेचा संबंध जोडता येत नाही’ हे उत्तर आता जुने झाले आहे. गेल्या काही वर्षांत अशी गणिते विकसित झाली आहेत, ज्यांत आजच्या हवामानात एखादी टोकाची घटना घडण्याची शक्यता आणि तापमानवाढ झालीच नसती तर असलेली शक्यता यांची तुलना केली जाते. ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ हा शास्त्रज्ञांचा गट असे विश्लेषण घटनेनंतर अल्पावधीत जाहीर करतो. २०२१ च्या जून महिन्यात कॅनडातील लिटन या गावी पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्या दिवशी वणव्यात ते गाव जवळपास पूर्ण जळाले. मानवनिर्मित तापमानवाढीशिवाय अशी लाट येणे जवळजवळ अशक्य होते, असा निष्कर्ष या गटाने काढला. प्रत्येक घटनेबाबत उत्तर इतके ठाम नसते. काही वेळा हवामान बदलाचा हात दिसत नाही किंवा अल्प दिसतो, आणि तसे असेल तेव्हा तसेच छापावे. त्याने पुढच्या बातमीचे वजन वाढते. विश्लेषण उपलब्ध नसेल, तर ‘तापमानवाढीमुळे अशा लाटा अधिक वारंवार आणि अधिक तीव्र होत आहेत’ हे विधान पुरेसे आणि अचूक आहे. अतिवृष्टीच्या बाबतीत त्यामागचे कारण एका वाक्यात देता येते : हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते.

शक्यतादर्शक शब्दांबाबत एक व्यावहारिक सूचना. आयपीसीसीच्या परिभाषेत ‘अतिशय संभाव्य’ याचा अर्थ ९० टक्क्यांहून अधिक शक्यता असा आहे. परंतु वाचक हे शब्द त्याहून बरेच सौम्य समजतात, असे २००९ च्या एका अभ्यासात आढळले आणि शब्दासोबत आकडा दिल्यावर हा घोटाळा कमी झाला. तेव्हा कंसात आकडा द्यावा, त्याला जागा फारशी लागत नाही.

दोन्ही बाजूंविषयी : अमेरिकेतील चार मोठ्या वृत्तपत्रांच्या १९८८ ते २००२ या काळातील बातम्यांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक बातम्यांत मानवी कारण आणि नैसर्गिक कारण यांना सारखीच जागा दिलेली होती, जेव्हा शास्त्रज्ञांत तशी समसमान विभागणी नव्हतीच. समतोल राखण्यासाठी हवामान बदल नाकारणाऱ्याला बोलावण्याची गरज नाही, अशी सूचना बीबीसीने २०१८ मध्ये आपल्या पत्रकारांना दिली. उपाय कोणता करावा, त्याचा खर्च कोणी सोसावा, कोळशावर जगणाऱ्या कामगारांचे काय, या प्रश्नांना मात्र खरोखरच अनेक बाजू आहेत. समतोलाची हौस तिथे मनसोक्त भागवावी.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वर्गातील फलकासाठी ध्रुवीय अस्वलाचे चित्र वापरावे का?

उत्तर : वापरू नये असे नाही, पण ते चित्र इतके ओळखीचे झाले आहे की त्यावर नजर थांबत नाही, आणि हा प्रश्न दूर कुठेतरी बर्फात राहतो असा ग्रह होतो. खऱ्या कामात गुंतलेल्या खऱ्या माणसांची छायाचित्रे अधिक परिणाम करतात. आलेखच लावायचा असेल, तर ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये लोकप्रिय केलेले निळ्या-लाल पट्ट्यांचे चित्र घ्यावे. त्यात एक पट्टा म्हणजे एक वर्ष; थंड वर्षे निळी, उष्ण वर्षे लाल. अक्ष नाहीत, आकडे नाहीत, आणि तरीही पहिलीतल्या मुलालाही निळ्याचे लाल होत गेलेले दिसते.

प्रश्न : मी स्वतः मोटार वापरतो आणि वर्षातून एखादा विमानप्रवासही करतो. अशा माणसाने इतरांना हवामान बदलाविषयी सांगावे का?

उत्तर : सांगावे. केवळ निष्कलंक माणसांनीच बोलायचे ठरवले, तर बोलायला कोणी उरणार नाही, आणि ते ज्यांच्या सोयीचे आहे त्यांना हे ठाऊक आहे. प्रत्येकाने स्वतःचे कार्बन उत्सर्जन मोजावे, ही कल्पना घरोघरी पोहोचवण्यात २००० नंतरच्या दशकात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातमोहिमेचा मोठा हातभार होता, हे येथे लक्षात घ्यावे.

याचा अर्थ वैयक्तिक वागणुकीला किंमत नाही असा मात्र नव्हे. वाहतूक, इमारती, आहार अशा क्षेत्रांत मागणीच्या बाजूने बदल झाल्यास २०५० पर्यंत उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी कमी करण्याची क्षमता आहे, असे आयपीसीसीने २०२२ मध्ये नोंदवले. त्या बदलांसाठी सार्वजनिक वाहतूक, इमारतींचे नियम आणि विजेची व्यवस्था यांचा आधार लागतो, असेही त्याच अहवालात म्हटले आहे. आपल्या मोटारीची गोष्ट इथेच उपयोगी पडते. ‘मी मोटार वापरतो, कारण माझ्या मार्गावर दर अर्ध्या तासाने एकच बस आहे, ती दर दहा मिनिटांनी असावी म्हणून मी वाहतूक विभागाला अर्ज देत आहे, तुमची सही हवी आहे,’ असे म्हणणाऱ्या माणसाला ढोंगी म्हणणे कठीण असते. मोटार नसलेलेही त्या अर्जावर सही करतात, कारण त्याच बसची वाट पाहत तेही उभे असतात.